फुल-फ्रेम आणि क्रॉप सेन्सर

डिजिटल कॅमेऱ्यांचे सेन्सरच्या आकारावरून पडणारे दोन प्रकार. फुल-फ्रेम सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ × २४ मिमी असतो. क्रॉप किंवा एपीएस-सी सेन्सर निकॉन-सोनीत साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननमध्ये त्याहून किंचित लहान. एपीएस हे नाव १९९६ साली आलेल्या आणि फार न टिकलेल्या एका फिल्मपद्धतीचे.

फिल्मच्या रोलवर हात बसलेल्याला फरक जाणवतो तो वाईड लेन्स लावल्यावर. फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) बदलत नाही. लेन्सने पाडलेल्या प्रतिमेचा मधला भागच सेन्सर टिपतो. त्यामुळे निकॉनवर २८ मिमीची लेन्स दीडपट, म्हणजे ४२ सारखी, ५० ची ७५ सारखी वागते. कॅननवर हा गुणक १.६. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. इतवारी-महालच्या गर्दीत मागे सरकायला जागाच नसते, आणि जुन्या २८ मध्ये आख्खी मावणारी मारबत क्रॉप बॉडीवर गळ्याशी किंवा पायाशी कापली जाते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची साधी किट लेन्स इथे महागड्या जुन्या लेन्सपेक्षा कामाची; तिचे १८ क्रॉपवर साधारण २८ सारखे.

ताडोबा-पेंचला जाणारे मात्र क्रॉपवर खूश असतात; ३०० मिमीची लेन्स ४५० सारखी दिसते. ‘फुकटची टेली’ (दूरचे जवळ आणणारी लेन्स) हा शब्द तेवढा फसवा. वाघ मोठा होत नाही, भोवतीचे जंगल कमी होते. पिक्सेल दाट असतील तरच तपशील वाढतो.

एक्स्पोजरचे गणित दोन्हीकडे एकच. हातातला लाईट मीटर जे सांगेल तेच लावावे. पार्श्वभूमी धूसर करण्यात आणि अंधारातल्या कामात फुल-फ्रेम साधारण एका स्टॉपने (दुप्पट प्रकाशाएवढे) पुढे. व्ह्यूफाइंडरबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण स्वस्त क्रॉप डीएसएलआरचा लहान, काळपट व्ह्यूफाइंडर पाहून फिल्मवाला हिरमुसतो. त्यात स्प्लिट-इमेजही (फोकस जुळला की एकसंध दिसणारी दुभंगलेली प्रतिमा) नसते, म्हणून जुनी एफ/१.४ लेन्स हाताने फोकस करणे अवघड जाते.

कपाटातल्या लेन्स बसतील का, हे आधी पाहावे. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची खाच) १९५९ पासूनचा. तरी डी३००० आणि डी५००० मालिकेत फोकस मोटर नसल्याने बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. कॅननच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या एफडी लेन्स १९८७ पासूनच्या ईओएस बॉडीवर थेट बसतच नाहीत. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर अडॅप्टर लावून यातल्या बहुतेक चालतात.