चिखल्या

पायाच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सतत ओली राहून पांढरी पडते, फुगते, सोलते, मग खाज आणि आग सुरू होते. या विकाराला मराठीत चिखल्या म्हणतात. नावातच चिखल आहे. पावसाळ्यात पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे राहून भाताची लावणी करणाऱ्यांना तो हमखास होतो. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत ‘अलस’ नावाने नेमके हेच वर्णन सापडते : ओलसर बेचक्या, कंड, दाह, वेदना आणि कारण म्हणून दूषित चिखलाचा स्पर्श. मात्र शेताच्या बांधावर कधी पाय न ठेवलेल्यांनाही चिखल्या होतात. बारा-बारा तास बूट घालणारे पोलीस, सुरक्षारक्षक, कारखान्यांतले कामगार यांच्या बाबतीत चिखलाचे काम घाम करतो.

सुरुवात बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून होते, कारण ती बेचकी सर्वांत अरुंद असते आणि तिथे वारा लागत नाही. भिजून मऊ झालेल्या कातडीत आधी बुरशी शिरते. ट्रायकोफायटॉन रुब्रम व ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटाले या केराटिनावर (कातडी व नखांतल्या टणक प्रथिनावर) जगणाऱ्या जाती त्यात प्रमुख आहेत. पाण्यात सतत हात-पाय असणाऱ्यांत कॅन्डिडा ही दुसरी बुरशीही आढळते. त्यानंतर जीवाणूंची पाळी येते. बेचकी चिघळून घाण वास सुटला किंवा हिरवट छटा दिसली, तर मुक्काम जीवाणूंनी बळकावला आहे असे समजावे. अशा वेळी नुसते बुरशीचे मलम चोळून गुण येत नाही. आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात पाय बुडवून जखम कोरडी करावी लागते.

साध्या चिखल्यांना टर्बिनाफिनचे १ टक्का मलम आठवडाभर किंवा क्लोट्रिमॅझोल सुमारे चार आठवडे पुरते. खाज थांबली की लोक मलम सोडतात आणि पुढच्या पावसाची वाट न पाहता दुखणे परत येते. गावाकडे मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरतात. मेंदीने कातडी कोरडी व राठ होते, त्यामुळे लावणीआधी ती लावण्याची चाल अगदीच निराधार नाही. उघड्या जखमेत मात्र पाला भरू नये. खरा घातक प्रकार औषधाच्या दुकानात मिळतो : स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम. त्याने दोन दिवसांत खाज जाते, बुरशी मात्र आतल्या आत फोफावते. भारतीय उपखंडातून पसरलेल्या आणि २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळालेल्या जातीवर तर टर्बिनाफिनही अनेकदा चालत नाही. ती मुख्यतः जांघेत व अंगावर नायटा उठवते.

बेचकीतली बुरशी कालांतराने नखाखाली सरकते. नख पिवळट, जाड, ठिसूळ होते आणि टोकाकडून सुटू लागते. पण बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी नसतेच; सोरायसिस, घट्ट बुटाचा सततचा मार किंवा वय यांनीही नख तसेच दिसते. म्हणून नखाखालचा भुगा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय गोळ्या सुरू करणे हा अंधारातला बाण. प्रौढांना टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज १२ आठवडे देतात. दुसरा पर्याय इट्राकोनाझोलचा, महिन्यातून एक आठवडा या क्रमाने. हृदय कमकुवत असलेल्यांना ते देत नाहीत. यकृताची तपासणी आधी करून घेतात. एखाद-दुसऱ्या नखाचे टोकच बिघडले असेल तर अमोरोल्फिनचे ५ टक्के लॅकर (नेलपॉलिशसारखे नखावर लावायचे औषध) चालते, गोळ्यांपेक्षा त्याचे यश कमी. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे बुरशी मेली तरी अंगठ्याला स्वच्छ नख दिसायला १२ ते १८ महिने जातात. निम्मे रुग्ण याच काळात ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून डॉक्टर बदलत असावेत.

पायांच्या वासाचा दोष लोक बुरशीला देतात, पण तो बहुतांशी जीवाणूंचा उद्योग आहे. घामाला स्वतःला फारसा वास नसतो. त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे जीवाणू घामातल्या ल्युसिन या अमिनो आम्लाचे आयसोव्हॅलेरिक आम्ल करतात. जुन्या चीजसारखी ओळखीची दुर्गंधी तीच. टाचेवर व चवड्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील तर तो वेगळा जीवाणूजन्य विकार असतो आणि क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणाने बरा होतो. घामच फार येत असेल तर रात्री कोरड्या तळव्यांना ॲल्युमिनियम क्लोराइड लावतात. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरणे आणि नायलॉनऐवजी सुती मोजे रोज बदलणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

मधुमेहींनी चिखल्यांना किरकोळ समजू नये. बधिर पायाला भेग कळत नाही आणि तिच्यातून शिरलेले जीवाणू पोटरीपर्यंत पाय लाल व गरम करून सोडतात. विदर्भात चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोगाने पाय सुजलेल्यांना वारंवार थंडीताप येतो, त्याचीही वाट अनेकदा याच बेचक्यांतून जाते. म्हणून त्या रुग्णांना पाय रोज साबणाने धुऊन, प्रत्येक बेचकी फडक्याने टिपून कोरडी करायला शिकवतात.