रेंज नसताना ओटीपी येतो कुठून?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेले एक काका आमच्या ओळखीचे आहेत. मध्यंतरी त्यांचा फोन आला. "अरे, ई-वे बिलासाठी त्या शील्ड ॲपमधला ओटीपी टाकतोय, तर चुकीचा म्हणतंय. आणि मला सांग, गोदामात मोबाइलला रेंजच नाही, मग हा ओटीपी येतो कुठून? कुणी हॅक-बिक तर नाही ना केलं?"

ई-वे बिल म्हणजे माल पाठवताना जीएसटीसाठी काढायचा ऑनलाइन परवाना. त्याच्या पोर्टलवर 1 एप्रिल 2025 पासून सगळ्याच करदात्यांना नुसत्या पासवर्डवर आत जाता येत नाही. दुसरा पुरावा म्हणून एसएमएस चालतो, नाहीतर 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' हे ॲप. ॲपमधले आकडे दर 30 सेकंदांनी बदलतात आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. जीमेल किंवा फेसबुकला जोडायची ऑथेंटिकेटर ॲपंही अशीच चालतात.

काकांच्या प्रश्नातच गफलत होती. हा ओटीपी येत नाही, मोबाइलमध्ये तयार होतो. पलीकडचा सर्व्हर तोच हिशोब आपल्या जागी बसून करतो आणि दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. दोघांकडे दोन गोष्टी सारख्या असतात. एक गुप्त किल्ली (ऑथेंटिकेटर जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात ती असते) आणि दुसरं, घड्याळ.

घड्याळाची गंमत आधी सांगतो. 1 जानेवारी 1970 ला ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपासून, आजवर किती सेकंद झाले ते मोजायचं आणि त्याला 30 ने भागायचं. बाकी सोडून द्यायची. उरलेला पूर्णांक 30 सेकंद तसाच राहतो, मग एकाने वाढतो. आता तो साडेपाच कोटींच्या पुढे गेला आहे. हा आकडा आणि गुप्त किल्ली एकत्र करून एका गणिती जात्यात घालतात. दळलेल्या पिठाचे परत गहू होत नाहीत, तसं इथल्या पिठावरून किल्ली काढता येत नाही. पण हे जातं और आहे. तेच धान्य घातलं तर कणाकणाने तेच पीठ पडतं आणि एक दाणा बदलला तर सगळंच पीठ वेगळं.

पीठ म्हणजे 20 बाइट, प्रत्येक बाइट 0 ते 255 मधली एक संख्या. आपल्याला तर हवे सहाच आकडे. मग पहिलेच चार बाइट का नाही घेत? इथली युक्ती मला फार आवडते. कुठून उचलायचं, हे पीठच सांगतं! 2005 सालच्या आरएफसी 4226 या मानकात एक नमुना सोडवून दाखवला आहे. त्यात शेवटचा बाइट 90. त्याला 16 ने भागलं की बाकी 10. म्हणून पहिले 10 बाइट सोडायचे आणि पुढचे चार उचलायचे: 80, 239, 127, 25. आपल्या आकड्यांत डावीकडची प्रत्येक जागा दहापट असते, तशी इथे 256 पट धरली की ही संख्या होते 1,35,78,72,921. (पहिला बाइट 128 किंवा जास्त असेल तर त्यातून 128 वजा करतात, म्हणजे धन-ऋण चिन्हाचा घोळ होत नाही.) शेवटचे सहा आकडे, 872921, हा झाला ओटीपी. त्या मानकात घड्याळाऐवजी साधा मोजणीचा आकडा होता. घड्याळ आलं 2011 च्या आरएफसी 6238 मध्ये. जात्याचं नाव शा-1. ते 2017 मध्ये फुटलं असं कुणी सांगेल. फुटलं ते खरं, पण ती पद्धत दोन वेगळ्या धान्यांचं एकच पीठ पाडून दाखवण्याची होती, त्याने इथली किल्ली उघडी पडत नाही.

म्हणजे जपायची ती किल्ली. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात, तर ग्रुपमधला प्रत्येक जण तुमचा ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर बनवू शकतो. जोडणी करताना सुटे बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर लिहून कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवावेत. मोबाइल विकण्याआधी ॲप नव्या मोबाइलवर हलवावं. आणि ऑथेंटिकेटर जोडायची सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड बदलण्याच्या लिंका तिथेच येतात.

'मिलिटरी ग्रेड सुरक्षा' वगैरे जाहिरातींकडे मात्र दुर्लक्ष करा. दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहून झेंडू घालतात, त्याला माझी ना नाही, पण झेंडूखाली मॉनिटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली मी दोन पेढ्यांवर पाहिली आहे. शिवाय एवढं सुंदर गणितही, कुणी फोनवर गोड बोलून सहा आकडे विचारले आणि तुम्ही सांगितले, की निकामी. 30 सेकंद चोराला पुरतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन.

काकांचा ओटीपी का जुळत नव्हता? त्यांनी मोबाइलची वेळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवली होती, पेढीवरच्या भिंतीवरच्या घड्याळासारखी. सर्व्हर एखाद-दुसऱ्या खिडकीचा, म्हणजे 30 सेकंदांच्या टप्प्याचा, फरक चालवून घेतो, दहा खिडक्यांचा नाही. मोबाइलची वेळ 'आपोआप'वर केली आणि पुढचाच ओटीपी लागला. भिंतीवरचं घड्याळ अजून पाच मिनिटं पुढेच आहे. हमाल वेळेवर येतात म्हणे.