विड्या, उपास आणि टीबी

निपाणीत आमच्या गल्लीत दुपारी दारादारांत सुपं दिसतात. सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पानं, आणि विड्या वळणाऱ्या बायका. त्यांतल्या एका मावशींना दोन महिने खोकला होता. मी मागे लागले की म्हणायच्या, "दवाखान्यात गेले तर आजच्या विड्या कोण वळणार गं?" मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते, बसून राहिलं की चूल अडते. शेवटी थुंकी तपासली, तर टीबी.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये शोधला. तो शरीरात शिरलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. आपल्या पेशी त्याला फुप्फुसात कोंडून ठेवतात. पण हा पहारा प्रथिनांवर चालतो. वर्षानुवर्षं पोटभर जेवण नसेल तर पेशी दुबळ्या होतात आणि कोंडलेला जंतू उठतो. झारखंडमधल्या एका मोठ्या प्रयोगात टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 मध्ये निकाल आला: त्या घरांत नवा टीबी सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला. डाळ-तांदळानं! मला तरी हे वाचून गलबलून आलं.

आणि मावशींनी दोन महिने का घालवले? त्यांना कळत नव्हतं, असं कुणी म्हटलं की माझा संताप होतो. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्याची बुद्धीची चाचणी तोडणीआधी, हातात पैसा नसताना घेतली, आणि पैसे आल्यावर पुन्हा घेतली. आधीचे गुण कमी पडले. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण उसाचं बिल अडकलेलं असताना घरात काय अवस्था असते, हे चिकोडी-अथणीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. उद्याच्या पिठाची काळजी डोक्यात असताना सहा महिन्यांच्या गोळ्यांचा हिशोब तिथं मावत नाही.

सरकार टीबी रुग्णाला आहारासाठी पूर्वी महिन्याला 500 रुपये देत असे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. मावशींचे पैसे बँक खात्याच्या कागदांत अडकले. फॉर्म कानडीत, मावशींना वाचता येते ती मराठीच. तो मी भरून दिला.

आता गोळ्या आणायच्या दिवशी शेजारणी त्यांच्या वाट्याची पानं आपापल्या सुपात घेतात.