इंग्रजी पूर्ण भूतकाळातील द्विकर्मक क्रियापदे

देणे, दाखवणे, पाठवणे, शिकवणे अशा क्रियांमध्ये कर्त्याखेरीज आणखी दोघे गुंतलेले असतात: दिली जाणारी वस्तू आणि ती मिळणारी व्यक्ती. वस्तू हे प्रत्यक्ष कर्म, व्यक्ती हे अप्रत्यक्ष कर्म, आणि दोन्ही घेणारे क्रियापद द्विकर्मक. इंग्रजीत गिव्ह, सेंड, शो, टेल, लेंड, टीच, ऑफर, बाय, मेक ही अशी रोजच्या वापरातली क्रियापदे आहेत. पूर्ण भूतकाळात त्यांच्या आधी ‘हॅड’ येते आणि क्रियापद तिसऱ्या रूपात जाते: ‘शी हॅड गिव्हन मी द की’, म्हणजे तिने मला किल्ली दिली होती.

या वाक्यात दोन स्वतंत्र व्यवस्था एकत्र आलेल्या असतात आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्या तरच वाक्य नीट बसते. ‘हॅड’ फक्त काळ सांगते. कर्मे किती, कोणत्या क्रमाने आणि मध्ये शब्दयोगी अव्यय लागते की नाही, हे मूळ क्रियापद ठरवते. साध्या भूतकाळात ‘गेव्ह मी द की’ चालत असेल तर पूर्ण भूतकाळात ‘हॅड गिव्हन मी द की’ही चालते. काळ बदलला म्हणून कर्मे जागा बदलत नाहीत. ‘ऑलरेडी’, ‘नेव्हर’ असे शब्द ‘हॅड’ आणि तिसरे रूप यांच्यामध्ये बसतात: ‘शी हॅड ऑलरेडी गिव्हन मी द की’. क्रियापद आणि पहिले कर्म यांच्यामध्ये मात्र सहसा काही शिरकाव करत नाही.

कर्मांची मांडणी दोन प्रकारे होते. व्यक्ती आधी आली तर अव्यय लागत नाही: ‘ही हॅड सेंट हिज ब्रदर द मनी’. वस्तू आधी आली तर व्यक्तीपूर्वी ‘टु’ येतो: ‘ही हॅड सेंट द मनी टु हिज ब्रदर’. बाय, मेक, कुक, फाइंड यांसारख्या क्रियापदांना ‘टु’ऐवजी ‘फॉर’ लागतो, कारण तिथे वस्तू आधी मिळवावी किंवा तयार करावी लागते, मग ती कोणासाठी हे ठरते: ‘शी हॅड बॉट अ सारी फॉर हर मदर’. यातला कोणता क्रम निवडायचा हे बव्हंशी ऐकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे यावर अवलंबून असते. माहीत असलेले, छोटे, सर्वनामाने सांगता येणारे आधी येते, नवे आणि लांबलचक शेवटी जाते. भाषावैज्ञानिक जोन ब्रेस्नन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेलिफोनवरील खऱ्या संभाषणांतून हेच तपासले. सर्वनाम, शब्दांची लांबी, सजीव-निर्जीव हा भेद असे अनेक घटक एकाच वेळी क्रम ठरवत असतात, असे त्यात दिसले. दोन्ही कर्मे सर्वनामे असली की ‘हॅड गिव्हन इट टु मी’ हाच क्रम प्रमाण इंग्रजीत नेहमीचा आहे.

दोन्ही क्रमांचा अर्थही तंतोतंत एक नसतो. व्यक्तीची जागा घेणारे कर्म खरोखर काही स्वीकारू शकणारे असावे लागते. ‘दे हॅड सेंट द पार्सल टु पुणे’ हे वाक्य सरळ आहे. ‘दे हॅड सेंट पुणे द पार्सल’ म्हटले तर पुणे म्हणजे तिथले कार्यालय किंवा तिथली माणसे, असा अर्थ घ्यावा लागतो.

काही क्रियापदे एकाच मांडणीला बांधलेली आहेत. ‘कॉस्ट’ला ‘टु’ चालत नाही: ‘द मिस्टेक हॅड कॉस्ट हिम हिज जॉब’. उलट एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, डोनेट यांना व्यक्ती आधी घेता येत नाही. लॅटिन मुळाची, उच्चाराचा आघात पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर) नसलेली क्रियापदे बहुधा या गटात पडतात. हा कल आहे, नियम नव्हे. ‘असाइन’ लॅटिन मुळाचे, आघात दुसऱ्या अवयवावर असलेले असूनही दोन्ही मांडण्या घेते, तर अस्सल जर्मानिक मुळाचे ‘से’ व्यक्तीला आधी येऊ देत नाही.

मराठीभाषकांची गल्लत होते ती इथेच. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचे प्रत्यय सारखेच, स, ला, ते, आणि अप्रत्यक्ष कर्माला ‘ला’ लावले की काम भागते. ‘त्याने मला गणित समजावले होते’ आणि ‘त्याने मला गणित शिकवले होते’ यांची घडण एकच आहे. म्हणून ‘ही हॅड टॉट मी द सम’ शिकलेला विद्यार्थी ‘ही हॅड एक्स्प्लेन्ड मी द सम’ असेही लिहितो. हवे असते ‘ही हॅड एक्स्प्लेन्ड द सम टु मी’. दुसऱ्या बाजूने, ‘ला’ म्हणजे ‘टु’ हे समीकरण पक्के झाले की ‘ही हॅड टोल्ड टु मी द न्यूज’ हे वाक्य तयार होते, जिथे ‘टु’ला जागाच नाही. प्रत्येक क्रियापद त्याच्या कर्मांसकट पाठ करणे हाच यावरचा भरवशाचा उपाय आहे. ‘ला’चा अर्थ लावत बसून हा गोंधळ सुटत नाही.

काळाच्या बाबतीतही मराठी ‘होते’ आणि इंग्रजी ‘हॅड’ यांचे क्षेत्र वेगळे आहे. ‘मी काल त्याला पुस्तक दिले होते’ हे मराठीत स्वाभाविक वाक्य आहे. त्यापुढे दुसरी घटना असलीच पाहिजे असे नाही. तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार इंग्रजी पूर्ण भूतकाळाला तीन बिंदू लागतात: बोलण्याची वेळ, तिच्या आधीची संदर्भाची वेळ आणि त्याच्याही आधीची घटना. मधला बिंदू वाक्यात किंवा आजूबाजूला नसेल तर ‘आय हॅड गिव्हन हिम द बुक यस्टर्डे’ हे ब्रिटिश किंवा अमेरिकी कानाला अर्धवट वाटते. भारतीय इंग्रजीत मात्र ही रचना सर्रास ऐकू येते. ‘व्हेन द टीचर आस्क्ड फॉर इट, आय हॅड ऑलरेडी गिव्हन हिम द बुक’ यात शिक्षकांनी मागितले तो क्षण मधला बिंदू होतो आणि ‘हॅड’ला काम मिळते.

कर्माची जागा हलली तर अर्थ किती बदलतो, हे पुढच्या जोडीत दिसते. ‘शी हॅड सेंट हिम द मनी’ म्हणजे तिने त्याला पैसे पाठवले होते. ‘शी हॅड द मनी सेंट टु हिम’ म्हणजे तिने कोणाकरवी तरी ते पाठवण्याची व्यवस्था केली, आणि हा पूर्ण भूतकाळ नाहीच, साधा भूतकाळ आहे. गंमत अशी की पूर्ण भूतकाळाचा उगमही याच प्रकारच्या मांडणीत आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘हॅड’ हे जवळ असण्याचे क्रियापद होते आणि तिसरे रूप विशेषणासारखे, कधीकधी कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलत असे. मराठीत आजही ‘वही दिली होती’, ‘पुस्तक दिले होते’, ‘पेन दिला होता’ असा कर्मानुसार फरक होतो. इंग्रजीने ती जुळणी केव्हाच सोडली.

कर्मणी रचनेत दोन्ही भाषा सर्वांत दूर जातात. इंग्रजीत कोणतेही कर्म कर्त्याच्या जागी येऊ शकते: ‘द की हॅड बीन गिव्हन टु मी’ किंवा ‘आय हॅड बीन गिव्हन द की’. मराठीत ‘मला किल्ली देण्यात आली होती’ यात ‘मला’ तसेच राहते आणि क्रियापद किल्लीच्या मागे जाते. जुन्या इंग्रजीतही मिळणारी व्यक्ती चतुर्थीतच राहत असे. पुढच्या शतकांत विभक्तिप्रत्यय झिजले, नाम पाहून ते कर्ता की कर्म हे कळेनासे झाले, आणि वाक्याच्या आरंभी येणारी व्यक्ती हळूहळू कर्ता मानली जाऊ लागली. ‘फॉर’ घेणाऱ्या क्रियापदांपर्यंत हा बदल पुरता पोचलेला नाही: ‘शी हॅड बीन बॉट अ सारी’ अनेकांना खटकते, ‘अ सारी हॅड बीन बॉट फॉर हर’ कोणालाच नाही.

बोलण्यात ‘हॅड’ आखडून नुसता ‘ड’ उरतो आणि ‘वुड’चाही तसाच. तेव्हा पुढचे रूप पाहावे: ‘शीड गिव्हन मी’ हा पूर्ण भूतकाळ, ‘शीड गिव्ह मी’ हा नाही. ‘रीड’चे स्पेलिंग तिन्ही रूपांत एकच असल्याने लिहिताना हा आधार तुटतो. ‘रेड’ हा उच्चार ऐकला, किंवा काळाचा स्पष्ट संदर्भ शेजारी असला, तरच ‘शीड रेड मी अ स्टोरी’चा काळ निश्चित होतो.