गिरणगावच्या चाळी आणि साताऱ्याची घरे

मुंबईतील वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड या भागांतील जुन्या चाळी पाडून त्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम सुरू झाल्यापासून चाळीतील शेजार, तिथले सण आणि खोल्यांचे क्षेत्रफळ यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यात एक बाजू मात्र सहसा राहून जाते. गिरणी कामगार चाळीतल्या जागेला ‘खोली’ म्हणत असे. ‘घर’ हा शब्द त्याने गावासाठी राखून ठेवला होता, आणि हे गाव कोकणात नसले तर बहुधा सातारा, पुणे किंवा कोल्हापूर या घाटावरच्या भागांत असे. म्हणून गिरणगावच्या, म्हणजे मुंबईतल्या गिरण्या आणि चाळींच्या वस्तीच्या, इमारतींबरोबर साताऱ्याकडची घरेही पाहावी लागतात. दोन्ही एकाच पगारावर चालत होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीसाठी कंपनी काढली आणि ताडदेवच्या त्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढत गेल्या, तेव्हा साताऱ्यातील माणूस गाव सोडण्याच्या स्थितीला आलेला होता. पाटण आणि जावळीच्या डोंगराळ भागात पाऊस भरपूर होता, परंतु भात आणि नाचणी पिकवण्याजोगी जमीन थोडी होती, आणि भावाभावांत वाटण्या होऊन ती आणखी तुटत होती. माण आणि खटाव हे तालुके तर पर्जन्यछायेतले, जिथे दोन पावसाळे हुकले की जनावरे विकावी लागत. शेतसारा मात्र रोख भरावा लागे, आणि शेतकऱ्याच्या हाती रोकड येण्याचा मार्ग बहुतेक वेळा सावकाराकडूनच जात असे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने ही कोंडी आणखी आवळली. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे जिल्ह्यातून गेली आणि मुंबईचा प्रवास आवाक्यात आला. जुन्या नोंदींत ‘सातारा’ हे नाव वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा होईपर्यंत वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग, याच नावाखाली मोडत होता.

गिरणीत माणूस लागत असे तो जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, शब्दावर. जॉबर आपल्या गावची, आपल्या भावकीतली माणसे आणी, त्यामुळे एकेका साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, एकाच खोऱ्यातली माणसे शेजारी शेजारी उभी असत. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. नव्याने आलेला मुलगा आधी ‘बदली’वर राही, म्हणजे भोंगा वाजण्याआधी दाराशी जाऊन उभा राही आणि कोणाचा खाडा पडला तरच त्याला त्या दिवसाचे काम मिळे. अशा अनिश्चित कमाईवर स्वतंत्र बिऱ्हाड थाटणे शक्य नव्हते. यातूनच गावकीच्या खोलीची पद्धत आली. गावातल्या पंधरा-वीस जणांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, भिंतीला खुंट्यांवर कपडे आणि खाली प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक ठेवायची, आणि पाळ्यांप्रमाणे झोपायचे. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन जी जागा धरी, ती दिवसपाळीचा नुकतीच सोडून गेलेला असे. उन्हाळ्यात गॅलरी, जिना आणि फुटपाथ हीच झोपण्याची जागा होई.

चाळीची बांधणी याच राहणीशी जुळणारी होती. सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी २०७ होत्या: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि शौचालये सामायिक. एकट्या पुरुषांच्या खोलीत चूल क्वचितच पेटे, कारण जेवण खानावळीत असे. या खानावळी बहुतांश कामगारांच्याच घरच्या स्त्रिया चालवीत आणि हिशेब पगाराच्या दिवशी होई. धान्य उधारीवर घेऊन महिनाभर वीस-वीस माणसांना भाकरी घालणाऱ्या या स्त्रियांची संघटना व्हायला १९७५ साल उजाडले, जेव्हा प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरण्यांच्या इतिहासात या कष्टांना मिळालेली जागा फारच अपुरी आहे, असे माझे मत आहे.

दुसरीकडे गावातली शेती कामगाराची बायको आणि आई-वडील पाहत. मनिऑर्डरचा काही भाग साऱ्यात आणि सावकाराकडे जाई. उरलेल्यातून हळूहळू घर सुधारे. कुडाच्या भिंतीच्या जागी दगडी जोते आले, पश्चिमेकडच्या गावांत गवती छपरावर मंगलोरी कौले चढली, सोप्याला लाकडी खांब मिळाले. देवळाचा सभामंडप, शाळेची खोली यांवर ‘मुंबईकर मंडळी’च्या देणगीच्या पाट्या आजही वाचायला मिळतात. साताऱ्यातील त्या काळच्या घरांचे वय ठरवताना गावच्या पिकापेक्षा मुंबईच्या पगाराची आठवण अधिक उपयोगी पडते.

हे गावचे घर लढ्यातही कामी आले. १९२८ चा संप सहा महिने चालू शकला, त्याचे एक कारण असे की हजारो कामगारांना परत जायला गाव होते आणि तिथे निदान भाकर होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हाही अनेकांनी गावची एसटी धरली. त्या वेळी मात्र बहुतेकांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या.

त्यानंतर इमारतींचे प्रश्न पुढे आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली होती, त्यामुळे खाजगी चाळींची डागडुजी घरमालकांनी कधीच सोडून दिली होती. उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या करवती छपरांचे कारखाने आणि उंच धुराडी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने, आणि विशेषतः २००१ मध्ये त्या नियमांत झालेल्या बदलाने, विक्रीयोग्य जमीन ठरली.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी बांधलेल्या ६,९२५ घरांची पहिली सोडत जून २०१२ मध्ये निघाली. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ ही तारीख धरली गेली आणि पुरावा म्हणून गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक अशी कागदपत्रे मागितली गेली. कामगार तोवर म्हातारे झाले होते, कित्येक वारले होते. त्यांच्या मुलांनी आणि विधवांनी हे कागद शोधले ते पाटण, कोरेगाव, खटावच्या घरांतील माळ्यांवर, चाळीतून परत आणलेल्या त्याच पत्र्याच्या ट्रंकांमध्ये.