बॉर्डरलाइन, काठावर आणि आडसर : एका शब्दाची पार्श्वभूमी

इंग्रजीत 'बॉर्डरलाइन' आधी नाम होता, दोन प्रदेशांमधली सीमारेषा एवढाच त्याचा अर्थ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं विशेषण झालं आणि धड इकडे नाही, धड तिकडे नाही अशा प्रकरणांना तो लागू लागला. 1938 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मनोविश्लेषकाने तो रुग्णांच्या एका गटासाठी वापरला, आणि 1980 मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात तो एका व्यक्तिमत्त्व विकाराच्या नावात जाऊन बसला. तिथे त्याचा अर्थ 'मधला' असा उरलेला नाही, ते आजाराचं नाव आहे. मराठीत त्याला 'सीमारेषेवरचा' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आजार थोडासाच आहे. हा गैरसमज घातक आहे.

मराठीत रोजच्या वापरातला जवळचा शब्द 'काठावर'. 35 टक्क्यांना पास झालेला मुलगा काठावर पास. पण तो पास आहे, त्यात शंका नाही. 'बॉर्डरलाइन'मध्ये निकालच लागलेला नसतो. 'इंटरमीडिएट'ला 'मध्यवर्ती' लिहिणारे तर सपशेल चुकतात, कारण मध्यवर्ती म्हणजे केंद्रातला. 'मार्जिनल'चीही तीच गत. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला तो 'मार्जिनल फार्मर'. हिंदीवरून आपल्याकडे त्याचा 'सीमांत शेतकरी' झाला, आणि वाचणाऱ्याला वाटतं, याचं शेत गावाच्या हद्दीवर असेल. 'अत्यल्पभूधारक' हा सरळ शब्द आपल्याकडे आहेच.

सगळ्यात जास्त गुंता मात्र साखरेच्या रिपोर्टात आहे, आणि कोकणातल्या घराघरात 'बॉर्डरलाइन' पोचला तो तिथूनच.

आमच्या शेजारच्या काकींचा रिपोर्ट गेल्या वर्षी माझ्याकडे वाचायला आला. उपाशीपोटी साखर 104. तपासणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं, बॉर्डरलाइन आहे. काकी म्हणाली, "ह्या म्हंजे आसा की नाय, तां सांग." मला सांगता येईना. त्याचं कारण शोधायला गेलो आणि एका जुन्या वादात शिरलो.

1979 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने मधुमेहाचं नवं वर्गीकरण केलं. उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची मर्यादा तेव्हा 140 ठरली. त्याच वर्गीकरणात 'बॉर्डरलाइन डायबिटीस' हा शब्दप्रयोग बाद केला गेला. अशा लोकांपैकी कित्येकांची साखर पुन्हा नेहमीसारखी होते. असं असताना आजाराच्या नावाचा शिक्का बसला की माणूस धास्तावतो आणि विमा मिळण्यातही अडचण येते. म्हणून तिथे 'ग्लुकोज सहन करण्याची क्षमता घटलेली' अशा अर्थाचं लांबलचक नाव आलं. बिनचूक होतं, पण तोंडात बसणारं नव्हतं.

1997 मध्ये मधुमेहाची मर्यादा 126 वर आली आणि 110 ते 125 हा मधला पट्टा ठरला. 2003 मध्ये तिथल्याच एका संघटनेने मधल्या पट्ट्याची खालची हद्द 100 वर आणली. जागतिक पातळीवरच्या आरोग्य संस्थेने ते मान्य केलं नाही, तिने 110 कायम ठेवले. म्हणजे काकीचे 104 एका हिशेबाने मधले आणि दुसऱ्या हिशेबाने साफ नॉर्मल. रेषा सरकली तेव्हा रक्तात काहीच बदललं नव्हतं, तरी त्या एका निर्णयाने असंख्य माणसं एका रात्रीत 'मधली' झाली. लवकर सावध करावं हा हेतू मला पटतो. पण आकड्याशेजारी तो कुठल्या हिशेबाने मधला आहे हे लिहायला हवं, आणि ते बहुतेक रिपोर्टांत नसतं.

पुढे 'प्रीडायबिटीस' रूढ झाला, मराठीत 'मधुमेहपूर्व अवस्था'. खरी अडचण या 'पूर्व'मध्ये आहे. पूर्व म्हटलं की पुढे ते येणारच असं ठरून जातं.

कोकणातले मधले शब्द इथे कामाला येतात. नारळाचं बघा. शहाळं आणि नारळ यांच्या मधला तो आडसर. कोयत्याने टोक उडवलं तर पाणी अजून गोड, आत खोबरं धरलेलं, पण बोटाने दाबलं तर दबतं. खवणीवर धरलं तर त्याचा नीट कीस पडत नाही. त्याला कोणी 'बॉर्डरलाइन नारळ' म्हणत नाही, कारण त्याला स्वतःचं नाव आहे. भाताचंही तसंच. हळवं चार महिन्यांच्या आतबाहेर येतं, गरव्याला साडेचार किंवा त्याहून जास्त लागतात, मधलं ते निमगरवं. 'निम' फारसीतून आला, अर्धा या अर्थाचा, आणि निमसरकारी, निमशहरी इथपर्यंत पोचला.

पण आडसर एकाच दिशेने जातो. त्याचं पुन्हा शहाळं होत नाही. पाडाला आलेला आंबाही परत कैरी होत नाही. साखर मात्र मागे येऊ शकते. तिच्यासाठी आडसर चालणार नाही आणि पाडही चालणार नाही.

दोन्हीकडे जाणारं मधलं ठिकाण किनाऱ्यावर आहे. ओहोटीला उघडा पडणारा, जिथे बायका कालवं फोडायला उतरतात, तो खडकाळ पट्टा सहा तासांनी पाण्याखाली असतो. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधली जागा सर्वांत कडक वर्गात घातली. 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांत बाकी पुष्कळ बदललं, बांधकामबंदीची अंतरं कमीजास्त झाली, तरी हा पट्टा पहिल्याच वर्गात राहिला. कायद्याची भरतीरेषा उधाणाच्या पाण्यावरून ठरते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तिथवर येतच नाही, म्हणून नव्याने जागा बघायला आलेल्याला ती रेषा खोटी वाटते. मराठीत 'इंटरटायडल'ला 'आंतरभरती' लिहिलेलं वाचायला मिळतं. त्यात ओहोटी गळून पडली. अर्धा अर्थ तिच्यात होता.

काकीला मी शेवटी हेच सांगितलं. 104 म्हणजे पाणी वर चढलंय, उधाणाच्या रेषेला लागलेलं नाही, आणि उतरूही शकतं. "मगे परत कधी बघूचा?" तिने विचारलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलं होतं. ती तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतली.