दहावीचा निकाल वरखाली का होतो? वीस मार्कांची पार्श्वभूमी

2018 ला राज्य बोर्डाचा दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला, 2019 ला 77.10 आणि 2020 ला 95.30. तीन सलग वर्षं. शाळा त्याच, शिक्षक बहुतेक तेच, घरची परिस्थितीही तशीच, आणि तरी आकडा आधी बारा टक्के खाली आला आणि मग अठरा टक्के वर गेला. "हल्ली पेपर सोपे झालेत" किंवा "हल्लीची पोरं हुशार आहेत" या दोन्ही वाक्यांनी हे तीन आकडे समजत नाहीत. निकाल पेपरवर जेवढा ठरतो त्याहून जास्त मार्क कसे मोजायचे या नियमांवर ठरतो, आणि ते नियम गेल्या पंधरा-सतरा वर्षांत इतक्यांदा बदललेत की कुठलंही एक वर्ष दुसऱ्यासमोर सरळ ठेवताच येत नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 ची, राज्य बोर्ड 1966 चं आणि अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली बॅच बसली ती 1975 ला. त्यानंतर बराच काळ पद्धत फारशी हलली नाही. गणित दीडशे मार्कांचं, बीजगणित-भूमितीचे वेगळे पेपर, बोर्डाची गुणवत्ता यादी आणि पेपरात आलेले धड्याखालचे प्रश्न. त्या काळात फर्स्ट क्लास मिळणं मोठी गोष्ट होती हे खरंच आहे, पण तेव्हा अकरावीच्या प्रवेशासाठी समोर दुसऱ्या बोर्डाची मुलं एवढ्या संख्येने उभी नव्हती, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीतून सुरू होतं.

मुंबई-पुण्यात केंद्रीय बोर्डांच्या शाळा वाढल्या आणि त्यांची मुलं दहावीनंतर राज्य बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजात यायला लागली, तेव्हा पालकांना दिसलं की आपल्या मुलाला 88 आणि त्या मुलाला 93, आणि सीट त्याला. मग सरकारने 2008 ला पर्सेंटाइलचा, म्हणजे आपापल्या बोर्डातल्या बाकीच्या मुलांच्या तुलनेत स्थान धरायचा, फॉर्म्युला आणला, तो हायकोर्टात टिकला नाही. 2009 ला 90:10 म्हणजे नव्वद टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांना, तेही टिकलं नाही. 2010 ला बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सहापैकी सगळ्यात चांगल्या पाच विषयांची टक्केवारी. हेही हायकोर्टाने जूनमध्ये रद्द केलं पण जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरलं आणि तेव्हापासून ते चालू आहे. त्या दोन महिन्यांत अकरावीचे प्रवेश अडकून पडलेले, मुलं घरी बसलेली. बेस्ट ऑफ फाइव्हने पास-नापास बदलत नाही, कारण पास व्हायला सगळे विषय लागतातच, पण टक्केवारी चढते, कारण ज्या विषयाने घात केला तो मोजणीतून निघून जातो. म्हणजे 2009 च्या 85 टक्क्यांची आणि 2011 च्या 85 टक्क्यांची तुलना तिथेच संपली, पेपर अगदी तोच असता तरी.

आता मुख्य गोष्ट, वीस मार्क.

भाषा आणि सामाजिक शास्त्रांना (इतिहास-भूगोल) 80 ची लेखी आणि 20 ची तोंडी किंवा अंतर्गत परीक्षा अशी पद्धत होती आणि ते वीस मार्क शाळेच्या हातात होते. बहुतेक शाळांत मुलांना त्यातले सतरा-अठरा-एकोणीस मिळायचे, हे सगळ्यांना माहीत होतं, शिक्षकांना, पालकांना, बोर्डालाही. पासिंग 35 ला. तोंडीत 18 पडले की लेखीत 80 पैकी 17 पुरतात, म्हणजे लेखीचे साधारण 21 टक्के. तोंडी काढून टाकली की त्याच मुलाला लेखीतच 100 पैकी 35 आणावे लागतात. पास होण्याची रेष लेखीपुरती 21 वरून 35 वर गेली आणि पेपर अवघड करायची गरजच पडली नाही.

नेमकं हेच केलं गेलं. नवीन अभ्यासक्रमाबरोबर, नववीला 2017-18 आणि दहावीला 2018-19 पासून, भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मार्क बंद झाले. शाळा सरसकट मार्क वाटतात, निकाल फुगतो, मुलाला लिहिता येत नाही तरी तो पास होतो, असं कारण दिलं गेलं आणि ते कारण खोटं नव्हतं. भाषेच्या तोंडी परीक्षेत मुलाला खरंच बोलायला लावणाऱ्या शाळा होत्या, पण वर्गातल्या सगळ्यांची तोंडी एका तासात उरकणाऱ्याही भरपूर होत्या. पण त्याच वर्षी पुस्तकं नवीन, भाषेला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका, म्हणजे पाठ करून लिहायच्या उत्तरांऐवजी छोट्या कृतींचा पेपर, आणि ज्या मुलांना गणित झेपत नाही त्यांच्यासाठी असलेला सामान्य गणिताचा पर्यायही बंद. एवढं सगळं एकाच बॅचवर आलं. एकेक बदल वेगळ्या वर्षी केला असता तर कुठल्या बदलाने काय झालं ते तरी कळलं असतं.

जून 2019 मध्ये निकाल लागला, 77.10. मराठी प्रथम भाषा घेतलेल्या मुलांत साधारण पाचातला एक मराठीत नापास. 90 टक्क्यांच्या वरची मुलं आदल्या वर्षी 63 हजारांवर होती ती साडेअठ्ठावीस हजारांवर आली. शंभर टक्के मिळवणारे 125 वरून 20 वर आले आणि त्या वीसपैकी सोळा एकट्या लातूर विभागातले. आणि त्याच वर्षी सीबीएसईचा दहावीचा निकाल 91.10, कारण तिथे वीस मार्क अंतर्गत होते आणि लेखी-अंतर्गत मिळून 33 आले की पास अशी सवलत होती. म्हणजे राज्य बोर्डाच्या मुलांचे वीस मार्क काढले आणि ज्यांच्याशी अकरावीत स्पर्धा त्यांचे राहिले. माझ्या मते हा त्या निर्णयातला सगळ्यात मोठा अन्याय. तोंडीचे मार्क फुगवलेले होते हे मान्य, पण फुगवटा काढायचा तर सगळ्यांचा काढायला पाहिजे होता, आणि ते राज्याच्या हातात नव्हतं हे निर्णय घेतानाच माहीत होतं.

मग गडबड झाली. इतर बोर्डांचे अंतर्गत मार्क अकरावीला धरू नका अशी मागणी आली, ती काही होणारी नव्हती. अकरावीच्या जागा वाढवल्या. त्याच महिन्यात शिक्षणमंत्री बदलले, समिती बसली आणि वीस मार्क परत आले, 2019-20 पासून. म्हणजे पूर्ण नियम एकाच बॅचने भोगला. त्या मुलांच्या मार्कशीटवर कुठेही लिहिलेलं नाही की यांना तोंडीचे मार्क नव्हते. पुढे नोकरीच्या फॉर्ममध्ये दहावीचे टक्के विचारतात तिथे 2019 चे 74 आणि 2020 चे 86 शेजारी शेजारी बसतात आणि बघणाऱ्याला फरक कळायला काही मार्ग नाही.

या एका वर्षाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली, जिच्याबद्दल तेव्हाही कमीच बोललं गेलं. 2018 ला सगळ्यात वरचा कोकण विभाग 96.00 आणि सगळ्यात खालचा नागपूर 85.97, म्हणजे दहा टक्क्यांचं अंतर. 2019 ला कोकण 88.38 आणि नागपूर 67.27, एकवीस टक्क्यांचं. मुली आणि मुलांतलं अंतरही तसंच, 2018 ला पाचच्या आत होतं ते 2019 ला मुली 82.82 आणि मुलगे 72.18. वीस मार्क सगळ्यांना थोडं थोडं वर उचलत नव्हते, ते काठावरच्यांना उचलत होते आणि काठावरची मुलं काही विभागांत खूप जास्त आहेत. कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे, परीक्षार्थी तीस हजारांच्या आत-बाहेर. नागपूर विभागात शहराबरोबर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाही येतात, जिथे घरची भाषा गोंडी किंवा माडिया आणि पेपर मराठीत, असंही असतं. तिथल्या नापासांना "अभ्यास केला नाही" म्हणून मोकळं होता येत नाही. वीस मार्कांनी ही दरी झाकली गेली होती. ते काढल्यावर ती दिसली आणि आपण दरीवर काम करायच्या ऐवजी वीस मार्क परत आणले. काठावरच्या मुलासाठी ते परत आणणं बरोबरच होतं, पण दरीचं पुढे काय, ते तिथेच राहिलं.

2020 पासून पुढचं सगळं कोरोनाने मिसळून टाकलं. 2020 ला भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे झालाच नाही, त्याचे मार्क सरासरीने दिले. वीस मार्क परत आलेलेच होते, निकाल 95.30. लोक म्हणाले कोरोनाची बॅच म्हणून ढिलाई दिली, पण बाकीचे पेपर नेहमीसारखे झाले होते, वाढीचा मोठा भाग त्या वीस मार्कांचाच असणार. 2021 ला परीक्षाच नाही, नववीचे 50, दहावीचे अंतर्गत 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असं धरून 99.95 टक्के, आणि शंभर टक्केवाले 957. अकरावीसाठी वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, घ्यायचं ठरलं होतं, ती ऑगस्टमध्ये हायकोर्टाने रद्द केली. 2022 ला पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी, केंद्र आपल्याच शाळेत, वेळ जास्त, निकाल 96.94. दोन वर्षं घरी मोबाईलवर शिकलेल्या मुलांना ही सवलत दिली ते योग्यच होतं, लिहायची सवयच गेली होती त्यांची, आणि कित्येकांकडे तो मोबाईलही नव्हता. 2023 ला पूर्ण अभ्यासक्रम आला आणि निकाल 93.83, 2024 ला 95.81, 2025 ला 94.10.

2025 ला जो थोडा उतार दिसतो तो बरेच जण कॉपीमुक्त अभियानाशी जोडतात. आधीच्या वर्षांत कॉपी सापडलेल्या केंद्रांवर बाहेरच्या शाळांचा स्टाफ नेमला होता. कॉपीविरोधाचा नांदेड पॅटर्न 2010 च्या आसपासचा, तेव्हापासून हे येतं-जातं. केंद्रावर किती कडक आहेत यावर निकाल हलतो, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो सांगेल. पण याचा आकडा कुणी काढलेला नाही, म्हणून कॉपीमुळे किती आणि खरा अभ्यास किती हे ठामपणे सांगणारा माणूस अंदाजच सांगत असतो.

वरच्या टोकाची गोष्ट वेगळी आहे. शंभर टक्के मिळणं म्हणजे सगळ्या पेपरांत पैकीच्या पैकी असं नाही. बेस्ट ऑफ फाइव्ह आणि त्यावर खेळाचे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे, शास्त्रीय आणि लोककलेचे जादा मार्क. कलेचे मार्क 2017 पासून मोठ्या प्रमाणात आले आणि त्या वर्षी शंभर टक्केवाले 193 झाले. 2025 ला 211. तबला शिकलेल्या मुलाला मार्क मिळावेत याला माझा काहीच विरोध नाही, उलट आनंद आहे, पण ते टक्केवारीत मिसळले की "दहावीत शंभर टक्के म्हणजे पेपर किती सोपे" असं बोललं जातं आणि त्या मुलाची मेहनतही त्यात हलकी होते. ते मार्क मार्कशीटवर वेगळ्या रकान्यात ठेवून टक्केवारी त्यांच्याशिवाय काढता आली असती.

आणि पेपर? तो सोपा झाला का? प्रकार बदललाय एवढं नक्की. एका वाक्यात उत्तर, जोड्या, आकृती पूर्ण करा, उताऱ्यावरच्या कृती हे वाढलं आणि पाठ करून पानभर लिहायचे प्रश्न कमी झाले. पाठांतर चांगलं असणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला आजची कृतिपत्रिका अवघड जाईल आणि आजच्या मुलाला जुना निबंध-व्याकरणाचा पेपर अवघड जाईल. काठावर पास होणं मात्र आज सोपं आहे, हे मी स्पष्ट म्हणेन. छोट्या प्रश्नांत थोडे थोडे मार्क गोळा होतात, वीस मार्क हातात असतात, गणित-विज्ञान मिळून पासिंगची सोय आहे. 2015 पासून फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत होते, एक-दोन विषय गेले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं, म्हणजे वर्ष वाया जात नाही. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी निकालाच्या टक्क्यात येतही नाहीत, पण त्यांनी किती घरांतला जून महिना बदलला ते निकालाच्या दिवशी शाळेत उभं राहिलेल्या शिक्षकाला माहीत असतं.

पुढचा बदल कागदावर आलेला आहे. 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित आणि विज्ञानाला 35 ऐवजी 20 वर पुढे जाऊ द्यायची तरतूद आहे, मार्कशीटवर शेरा येईल की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञानाचे कोर्स घेता येणार नाहीत. ज्याला चित्रकला किंवा इतिहास करायचाय त्याला गणितामुळे अडवू नये हा विचार मला पटतो. पण पंधरा-सोळाव्या वर्षी मार्कशीटवर बसलेला तो शेरा नंतर पुसायचा असेल तर त्या मुलाला पुन्हा पेपर द्यावा लागेल, आणि त्याला तो पेपर देण्यासाठी शिकवणार कोण, शाळा तर सुटलेली असेल. नवा अभ्यासक्रम 2025-26 ला पहिलीपासून सुरू झालाय. तो दहावीपर्यंत येईल त्या वर्षी हा नियम लागू झालेला असला तर टक्का पुन्हा चढेल, आणि तो आकडा 2019 च्या किंवा 2025 च्या शेजारी ठेवण्याआधी त्या वर्षाचे पासिंगचे नियम बघावे लागतील.